श्रोत्यांचे दप्तर : एक प्रस्तावना

कलावंतांची चरित्रे लिहिली जातात, त्यांच्या कृतींच्या याद्या सिद्ध होतात, त्यांच्या मानधनाचे आणि आपसांतील तंट्यांचे तपशीलही कोणी ना कोणी चिकाटीने जमा करून ठेवतो. परंतु ज्या श्रोत्यांनी त्या कृती वर्षानुवर्षे कानांत साठवल्या, त्यांच्या गुणदोषांवरून मित्रांशी रात्र रात्र वाद घातला आणि पुढच्या पिढीच्या हाती त्या जपून दिल्या, त्या श्रोत्यांच्या मतांची नोंद करण्याचे कोणाच्या फारसे मनात येत नाही. रॉक संगीताच्या रसिकांनी आपापल्या आवडत्या बँडांविषयी आणि शैलींविषयी वेळोवेळी मांडलेली मते एकत्र करणारा हा संग्रह म्हणूनच मला मोलाचा वाटतो, आणि त्याची प्रस्तावना लिहिण्याचे काम मी आनंदाने पत्करले आहे.

प्रारंभीच एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. आवडनिवड ही ज्याची त्याची असते, एकाला जो बँड श्रेष्ठ वाटतो तो दुसऱ्याला कर्कश वाटतो, तेव्हा अशा मतांचा संग्रह करून काय साधणार, असे पुष्कळ सुज्ञ माणसेही विचारतात. हा निवाडा वरवर पाहता उदार दिसतो. वस्तुतः त्यात श्रोत्याचा अधिक्षेप आहे. मत आणि लहर यांत भेद आहे, आणि तो असा की लहरीला पुरावा देता येत नाही, मताला द्यावा लागतो. ‘हे गाणे मला आवडते’ एवढेच म्हणून जो थांबतो त्याच्याशी वाद संभवत नाही. पण ‘या गाण्यात अमुक ठिकाणी ठेका बदलतो आणि त्या बदलामुळेच पुढचे गिटारवादन मोकळे होते’ असे जो म्हणतो, त्याने आपल्या विधानाची रुजवात करण्याचा अधिकार ऐकणाऱ्याला दिलेला असतो. रॉकच्या रसिकांचा वाद हा बहुधा या दुसऱ्या प्रकारचा असतो, आणि त्याला कारण त्या कलेच्या घडणीतच आहे.

आपल्याकडील शास्त्रोक्त संगीतात मैफल हीच मूळ कृती. ध्वनिमुद्रिका हा तिचा एक दाखला. रॉकमध्ये १९६६-६७च्या सुमारास हा क्रम उलटला. बीटल्सनी ऑगस्ट १९६६मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे दौऱ्यांतील अखेरचा कार्यक्रम केला आणि त्यानंतर ते स्टुडिओत जाऊन बसले. नोव्हेंबरपासून पुढील वसंतापर्यंत, सुमारे पाच महिने, एकाच अल्बमची घडण चालू राहिली. तेव्हापासून रॉकची तबकडी ही कोण्या एका कार्यक्रमाची स्मृती राहिली नाही, ती स्वतःच कृती झाली. मग ती बर्मिंगहॅममध्ये वाजवा अथवा सांगलीत, १९७३मध्ये ऐका अथवा आज, तिच्यातील एकही स्वर पालटत नाही. दोन अपरिचित माणसे, दोन खंडांत राहणारी, एकाच क्षणाकडे बोट दाखवू शकतात. वादाला इतका भक्कम पाया फार थोड्या कलांत लाभतो.

याचे महत्त्व मराठी रसिकाला निराळे समजावून सांगावे लागू नये. बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या चाहत्यांचे दोन पक्ष एके काळी मुंबई-पुण्यापासून कोल्हापूर-हुबळीपर्यंत पसरलेले होते, आणि ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला तेव्हा भामिनी बालगंधर्वांची आणि धैर्यधर केशवरावांचा, असा योग जुळून आला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात केशवराव निवर्तले. त्या रात्री कोणाचे कोणते पद अधिक रंगले याविषयी पुढे पुष्कळ लिहिले-बोलले गेले, पण त्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण नाही. दोघांच्या ज्या तबकड्या उरल्या त्या दोन-तीन मिनिटांच्या. साक्षीदार गेले आणि त्यांच्याबरोबर खटलाही निकालात निघाला. त्या पिढीच्या श्रोत्यांचा कान रॉकच्या श्रोत्यांपेक्षा अणुमात्रही कमी नव्हता, कदाचित अधिकच तयार होता. उणीव होती ती पुन्हा ऐकण्याच्या सोयीची.

आता प्रत्यक्ष मतांकडे वळू. या संग्रहात ज्या बँडांवर सर्वाधिक लिहिले गेले आहे त्यांत बर्मिंगहॅमचा ब्लॅक सॅबथ अग्रभागी आहे, आणि त्याच्याविषयीचा वाद मला सर्वांत उद्बोधक वाटतो. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात काम करीत होता. तेथील नोकरीच्या अखेरच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात उजवाच होता. जँगो राइनहार्ट या थोर गिटारवादकाची बोटे आगीत निकामी झाली होती, तरी त्याने वादन सोडले नाही, हे आयोमीला कळले ते कारखान्यातील त्याच्या वरिष्ठाने आणून ऐकवलेल्या तबकडीमुळे. मग त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांवर बसतील अशा टोप्या केल्या, त्यांवर चामडे चिकटवले, बारीक तारा शोधल्या, आणि या नव्या हाताने तो वाजवू लागला.

ही हकीकत इतकी हृदयस्पर्शी आहे की बहुतेक श्रोते तिच्यातच सॅबथच्या साऱ्या शैलीचे मूळ पाहतात. बोटांना त्रास होऊ नये म्हणून तारा सैल केल्या, तारा सैल झाल्या म्हणून स्वर खाली उतरला, स्वर खाली उतरला म्हणून संगीत जड झाले, आणि या जडपणातून हेवी मेटल जन्मास आले, अशी ही कार्यकारणपरंपरा. परंतु एका लेखकाने येथे जी हरकत घेतली आहे ती निर्णायक आहे. तारा दीड स्वर उतरवल्या गेल्या त्या १९७१च्या तिसऱ्या अल्बममधील काही गाण्यांत. पहिले दोन अल्बम १९७०चे, आणि त्यांतील तारांची जुळणी बहुतांशी नेहमीचीच आहे. मग जडपणा तिथे कोठून आला? पहिल्याच अल्बमचे पहिलेच गाणे लावावे. आधी पाऊस आणि घंटा, आणि नंतर गिटारवर अवघे तीन स्वर येतात: षड्ज, तार षड्ज आणि तेथून खाली तीव्र मध्यम. तीव्र मध्यमावर आयोमी थांबतो, स्वर हलवतो, पंचमाचा आधार देत नाही. ड्रमवरचा बिल वॉर्ड त्या रिकाम्या जागेत घाई करीत नाही. ऐकणाऱ्याला जे ओझे जाणवते ते या न सुटलेल्या स्वराचे आहे, त्याचा तारांच्या सैलपणाशी संबंध नाही. अपघाताने आयोमीला अडचण दिली, स्वरांची निवड त्याने स्वतः केली. आणि कलावंताच्या कर्तृत्वाचा हा वाटा त्याच्या पदरात घालणारा श्रोता माझ्या मते अनेक चरित्रकारांहून अधिक न्यायी ठरतो.

याच बँडाविषयीचा दुसरा वाद गायकांचा. ऑझी ऑस्बॉर्नला १९७९मध्ये बँडातून काढण्यात आले, रॉनी जेम्स डिओ त्याच्या जागी आला, आणि १९८०च्या ‘हेवन अँड हेल’पासून सॅबथचे श्रोते दोन तटांत विभागले गेले ते आजतागायत. येथे आवाजांची तुलना करून भागत नाही. ऑझी पुष्कळदा गिटारच्या रिफची, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या स्वरवाक्याची, चालच गळ्याने उचलतो. ‘आयर्न मॅन’मध्ये तर गाणे आणि रिफ एकाच वाटेने चालतात, त्यामुळे आवाज हा जणू आणखी एक वाद्य होऊन त्या ओझ्यात भर घालतो. डिओ रिफवरून स्वतंत्र चाल नेतो, आणि त्याला वाव देण्यासाठी आयोमीला खाली निराळे स्वरसमूह मांडावे लागतात. म्हणजे गायक बदलला तेव्हा रचनेचे तत्त्वच बदलले. ज्याला पहिले तत्त्व प्रिय त्याने ऑझीचा पक्ष घ्यावा, ज्याला दुसरे त्याने डिओचा. पण दोघांनीही हे ध्यानात घ्यावे की त्यांचा झगडा व्यक्तींविषयी नसून गाणे आणि रिफ यांच्या नात्याविषयी आहे. माझा स्वतःचा कौल पहिल्या तत्त्वाला आहे. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातील व्हिला पार्क मैदानावर, म्हणजे ज्या वस्तीत ते चौघे वाढले त्या वस्तीतच, मूळ चौघे अखेरचे एकत्र आले. ऑझी सिंहासनवजा आसनावर बसून गायला, आणि सतरा दिवसांनी त्याचा अंत झाला. त्यानंतर जी मते लिहिली गेली त्यांत शोकाचा भाग मोठा असणे स्वाभाविक आहे, आणि संपादकांनी ती वेगळी ठेवली हे योग्य केले.

पिंक फ्लॉइडच्या चाहत्यांत तीन पक्ष आहेत. सिड बॅरेट १९६८मध्ये बाहेर पडला तेथेच बँड संपला असे मानणारे थोडे पण कडवे. रॉजर वॉटर्सच्या शब्दांत बँडाचा प्राण पाहणारे पुष्कळ. आणि डेव्हिड गिलमोरच्या गिटारसाठी बाकी सर्व क्षम्य मानणारे त्याहूनही अधिक. या वादात मी लांबवर शिरत नाही, कारण संग्रहात त्यावर हवे तेवढे आहे. परंतु मार्च १९७३च्या ‘डार्क साइड ऑफ द मून’मधील ‘मनी’ या गाण्याचे उदाहरण द्यावेसे वाटते. नाण्यांचा खणखणाट आणि गल्ल्याचा आवाज फितीवर घेऊन, फितीचे तुकडे मापून कापून, त्यांचे वेटोळे जोडून जो ठेका तयार केला गेला तो सात मात्रांचा आहे. बासवर वॉटर्स तेच सात मोजतो, डिक पॅरीचा सॅक्सोफोनही सातांतच फिरतो, आणि मग गिलमोरच्या गिटारची वेळ येताच सारा बँड चार मात्रांत उतरतो. रूपक तालाची सवय असलेल्या कानाला सात मात्रांचे नवल वाटू नये. त्याने लक्ष द्यावे ते सातांतून चारांत जाण्याच्या त्या क्षणाकडे, कारण तेथे वॉटर्सचा पक्ष आणि गिलमोरचा पक्ष दोघांनाही आपापला पुरावा सापडतो, आणि दोघांनाही एकमेकांवाचून ते गाणे उभे राहत नाही हेही तेथेच दिसते.

याच अल्बममध्ये क्लेअर टॉरी या गायिकेचा शब्दांवाचूनचा आलाप आहे. त्यासाठी तिला ३० पौंड मिळाले आणि रचनाकार म्हणून नाव एकट्या रिचर्ड राइटचे लागले. त्या गाण्यात तिच्या गळ्याने जी रचना घडवली ती वगळली तर मागे स्वरसंगती उरते, गाणे उरत नाही. हा दावा पुढे न्यायालयात गेला, २००५मध्ये तडजोड झाली, आणि तेव्हापासून रचनाकारांत तिचे नाव राइटबरोबर छापले जाते. कायद्याला जे मान्य व्हायला तीन दशके लागली ते लक्ष देऊन ऐकणाऱ्याच्या कानाला पहिल्या दिवसापासून उघड होते.

डीप पर्पलच्या चाहत्यांनी बँडाच्या बदलत्या रचनेला मार्क एक, मार्क दोन असे अनुक्रमांक लावून जी कालगणना रूढ केली आहे ती मोठी उपयुक्त आहे, कारण गिलन-ब्लॅकमोरचा बँड आणि कव्हरडेल-ह्यूजचा बँड यांना एकाच नावाखाली तोलणे अन्यायाचे होते. त्यांच्याविषयीचा खरा वाद मात्र स्टुडिओ आणि रंगमंच यांचा आहे. मॉन्त्रो येथे कॅसिनोला आग लागल्यानंतर एका बंद हॉटेलात ध्वनिमुद्रित झालेला १९७२चा ‘मशीन हेड’ श्रेष्ठ, की त्याच वर्षी १५, १६ व १७ ऑगस्टला ओसाका व टोकियो येथे मुद्रित झालेला ‘मेड इन जपान’ श्रेष्ठ? दुसऱ्याचा पक्ष घेणाऱ्यांना १९९३मध्ये एक साधन मिळाले. त्या तिन्ही रात्रींचे बरेचसे वादन तेव्हा प्रसिद्ध झाले, आणि मूळ अल्बमसाठी कोणत्या रात्रीचे कोणते गाणे निवडले गेले, ती निवड योग्य होती की नाही, हे कोणालाही ताडून पाहता आले.

तथापि श्रोत्यांच्या मताचे सर्वांत मोठे दप्तर ज्या बँडाने उभे करू दिले तो कॅलिफोर्नियाचा ग्रेटफुल डेड होय. त्यांच्या स्टुडिओतील अल्बमांना त्यांचे निष्ठावंत श्रोतेही फार वरचे स्थान देत नाहीत. १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत त्यांनी सुमारे २,३०० कार्यक्रम केले, कोणत्याही दोन रात्री गाण्यांचा क्रम सारखा ठेवला नाही, आणि एखादे गाणे आज आठ मिनिटांत आटपले तर उद्या अर्धा तास वाढवले. म्हणजे आपल्या मैफलीसारखीच, मूळ कृती तेथे रात्र हीच होती. मग रात्र टिकवायची कशी? ते काम श्रोत्यांनी अंगावर घेतले. उंच काठ्यांवर मायक्रोफोन बांधून ते सभागृहात उभे राहत, आणि बँडाने त्यांना हुसकावून लावण्याऐवजी १९८४च्या ऑक्टोबरपासून ध्वनिनियंत्रणाच्या मेजामागे त्यांच्यासाठी स्वतंत्र जागा आणि स्वतंत्र तिकिटे ठेवली. नियम एकच होता: फितीची देवघेव करावी, विक्री करू नये.

त्या कॅसेटीच्या आतल्या कागदी वेष्टनावर लहान अक्षरांत जे लिहिलेले असे ते पाहण्यासारखे आहे. तारीख, शहर, सभागृह, दोन्ही सत्रांतील गाण्यांचा क्रम, कोणते गाणे न थांबता कोणत्यात मिसळले त्याची बाणाने केलेली खूण, फीत श्रोत्यांमधून घेतली की ध्वनिनियंत्रणाच्या मेजावरून, आणि मूळ फितीपासून ही कितवी प्रत. हा शेवटचा तपशील अत्यंत महत्त्वाचा, कारण कॅसेटवरून कॅसेट करताना प्रत्येक पायरीला खरखर वाढते आणि वरचे स्वर मावळतात. ज्याच्याकडे पाचवी प्रत आहे त्याने त्या रात्रीच्या वादनाला मळकट म्हटले तर त्याचे मत प्रतीविषयीचे असते, वादनाविषयीचे नव्हे. आपल्या हस्तलिखितांच्या अभ्यासकांनी पोथीची परंपरा तपासताना जी दक्षता घेतली तीच येथे विद्यार्थ्यांनी, सुतारांनी, टपाल कर्मचाऱ्यांनी घेतली, आणि कोणत्याही विद्यापीठाने त्यांना तसे शिकवले नव्हते.

या मंडळींत ८ मे १९७७ची रात्र, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधली, दीर्घकाळ सर्वश्रेष्ठ मानली गेली. ते ध्वनिमुद्रण २०१२मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय नोंदवहीत दाखल झाले आणि २०१७मध्ये रीतसर प्रसिद्ध झाले. या प्रतिष्ठेवर जे आक्षेप आहेत त्यांतला एक मला विशेष विचारार्ह वाटतो. त्या रात्रीची फीत ध्वनिमुद्रणात निष्णात असलेल्या बेटी कँटर-जॅक्सनने घेतलेली. तिच्या अनेक फिती १९८६मध्ये लिलावात जाऊन पुढे श्रोत्यांत पसरल्या. तेव्हा कॉर्नेल गाजले ते वादनामुळे, की निर्मळ प्रत सर्वांच्या हाती लवकर पोहोचली म्हणून? १९७२च्या २७ ऑगस्टचा ओरेगनमधील व्हेनीटाचा कार्यक्रम, अथवा १९६९च्या फेब्रुवारीतील फिलमोरच्या रात्री पुढे ठेवणारे श्रोते हाच प्रश्न विचारतात. मी दोन्ही बाजूंच्या फिती ऐकल्या आहेत, आणि कॉर्नेलचे दुसरे सत्र ऐकल्यावर त्याची कीर्ती केवळ निर्मळ प्रतीवर उभी आहे असे मला म्हणवत नाही. परंतु ज्याने हा प्रश्न प्रथम उपस्थित केला त्याने साऱ्या वादाची पातळी उंचावली हे निश्चित. डिक लाटवाला नावाचा असाच एक फिती जमवणारा चाहता पुढे बँडाच्या ध्वनिभांडाराचा दप्तरदार झाला, आणि १९९३पासून त्याने निवडलेल्या रात्री त्याच्याच नावाच्या मालिकेत प्रसिद्ध होऊ लागल्या. श्रोत्याच्या मताला याहून मोठी मान्यता कोणत्या बँडाने दिली असेल असे वाटत नाही.

येथे महाराष्ट्राचा एक धागा आहे, तो नोंदवलाच पाहिजे. ग्रेटफुल डेडच्या दोन ढोलवादकांपैकी मिकी हार्ट हा उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडून ताल शिकला, आणि त्यांचे चिरंजीव, मुंबईत जन्मलेले झाकीर हुसेन, त्याच्याबरोबर १९७६च्या दिगा ऱ्हिदम बँडच्या अल्बममध्ये वाजले. डेडचे एक गाणे अकरा मात्रांचे आहे आणि त्याचे नावही ‘द इलेव्हन’ हेच. १९६९मधील त्याचे वादन ऐकताना तबल्याच्या तालमीची सवय असलेल्या आपल्या श्रोत्याला जे सहज उमगते ते तेथील अनेकांना वर्षानुवर्षे मोजूनही चकवते. या विषयावर मराठी श्रोत्याने अधिक अधिकाराने लिहावे अशी माझी अपेक्षा आहे.

शैलींच्या नावांविषयी फार लिहीत नाही. हेवी मेटल, प्रोग्रेसिव्ह, पंक ही नावे सोयीसाठी आहेत, आणि सरहद्दीवरच्या गावांचा तंटा जसा कधी मिटत नाही तसा एखादा बँड कोणत्या नावाखाली घालावा हा तंटाही मिटत नाही. परंतु शैलींच्या वादात एका इमारतीचा उल्लेख टाळता येत नाही. मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये १७ मे १९६६ रोजी बॉब डिलन विद्युत गिटार घेऊन उभा राहिला तेव्हा लोकगीतांच्या एका संतप्त चाहत्याने त्याला भर सभेत ‘जूडस’, म्हणजे विश्वासघातकी, म्हणून हाक मारली, आणि ती हाक फितीवर आली. ती फीत पुढे वर्षानुवर्षे लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलची म्हणून हातोहात फिरली. १९९८मध्ये ती अधिकृतपणे निघाली तेव्हाही मुखपृष्ठावर ते चुकीचे नाव अवतरणचिन्हांत राहू दिले गेले, इतके ते श्रोत्यांच्या तोंडी बसले होते. डिलनच्या त्या सभेनंतर दहा वर्षांनी, ४ जून १९७६ला, त्याच इमारतीतील लहान सभागृहात सेक्स पिस्टल्स वाजले. श्रोते मूठभर होते. पण त्यांतल्या पीटर हुक आणि बर्नार्ड समनर यांनी पुढे जॉय डिव्हिजन उभा केला. पहिल्या श्रोत्याने आपले मत ओरडून सांगितले, दुसऱ्यांनी वाद्ये विकत घेऊन सांगितले, आणि माझ्या दृष्टीने दोन्ही मते सारखीच गंभीर आहेत.

महाराष्ट्रातील श्रोत्यांची मते वाचताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. येथे तबकड्या क्रमाने आल्या नाहीत. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये, जे २०१६मध्ये बंद झाले, अथवा परदेशाहून येणाऱ्या नातलगाच्या सामानात जे मिळेल ते आधी ऐकले गेले. एखाद्याने फ्लॉइडचा १९७९चा अल्बम आधी आणि १९६७चा वीस वर्षांनी ऐकला. इंग्रज श्रोत्याला जो बदल म्हणून दिसला तो आपल्या श्रोत्याला एकाच वेळी समोर मांडलेला पट म्हणून दिसला. त्यामुळे ‘बँड बिघडला’ ही तक्रार आपल्या लेखकांत कमी आढळते, आणि दोन काळांची समोरासमोर तुलना अधिक. हा मला दोष वाटत नाही. उलट स्मृतीचा पक्षपात त्यामुळे कमी झाला आहे. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६पासून भरू लागलेल्या इंडिपेंडन्स रॉकच्या मेळ्यांविषयीचे लेखही संग्रहात आहेत. तेथे ठाणे-डोंबिवलीहून लोकलने येणारी मुले इतरांच्या गाण्यांच्या नकला ऐकता ऐकता स्वतःच्या रचनांची मागणी करू लागली, ही त्या लेखांतील नोंद पुढील इतिहासकाराला उपयोगी पडेल.

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत फारुख बलसारा नावाचा मुलगा ‘हेक्टिक्स’ या शाळकरी बँडात पियानो वाजवीत असे आणि पुढे तोच फ्रेडी मर्क्युरी झाला, याचा अभिमान अनेक पत्रांत आहे. अभिमान रास्त आहे, तथापि तो त्याच्या क्वीन या बँडाच्या संगीताविषयीचे मत नव्हे. त्यापेक्षा जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनी १९७२मध्ये मुंबईतील वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही लेड झेपेलिनची दोन गाणी पुन्हा मुद्रित केली, ती २०१५मध्ये प्रथमच रीतसर बाहेर आली, आणि ती ऐकून एका लेखिकेने मूळ गाण्यांशी त्यांची जी ओळीओळीने तुलना केली आहे, ती मला या संग्रहातील उत्कृष्ट लेखांपैकी एक वाटते.

लेखिका हा शब्द येथे मी मुद्दाम वापरला. रॉकच्या इतिहासात स्त्री-श्रोत्यांवर मोठा अन्याय झाला आहे. बीटल्सच्या सभांतील मुलींचा आरडाओरडा सर्वांनी लिहून ठेवला. पण त्याच मुलींनी आपल्या तुटपुंज्या पैशांतून तबकड्या विकत घेऊन, समीक्षकांनी दखल घेण्याच्या कितीतरी आधी, त्या बँडाची निवड केली होती, आणि ती निवड अचूक होती, हे मान्य करायला पुष्कळ काळ लागला. जे कान सर्वांत आधी ओळखतात त्यांना उथळ म्हणण्याची ही वहिवाट आता बंद झाली पाहिजे, आणि या संग्रहात स्त्रियांचे लेख संख्येने व गुणाने बरोबरीचे आहेत याचा मला मनापासून आनंद आहे.

काही लेख दुबळे आहेत. सोळाव्या वर्षी जे ऐकले तेच सर्वश्रेष्ठ, त्यानंतर सारा ऱ्हास, एवढेच म्हणणारे चार-सहा लेख संपादकांनी वगळले असते तर बरे झाले असते. उरलेले वाचताना मात्र तबकडी अथवा ध्वनिमुद्रण जवळ ठेवावे, आणि लेखक ज्या जागेकडे बोट दाखवतो ती जागा आधी स्वतः ऐकावी. न ऐकता दिलेली संमती लेखकाला नको आहे आणि न ऐकता घेतलेली हरकतही नको आहे. दुसऱ्या आवृत्तीसाठी संपादक वाचकांची मते मागवीत आहेत. ती अवश्य पाठवावीत. मात्र बँडाचे नाव, अल्बम, वर्ष, आणि गाण्यातील ती जागा कितव्या मिनिटाला येते, हे प्रत्येक पत्रात लिहावे.